शब्द ओठांवर येण्याआधी

माझे माहेर साताऱ्याचे नि सासर सांगलीचे. लग्न ठरले तेव्हा आजी म्हणाली, "लांब कुठं गं, कृष्णामाईच्या काठाकाठानंच तर चाललीस. फक्त एक ध्यानात ठेव, जीभ तेवढी माहेरी ठेवून जा."

सगळे हसले. मीही हसले. माझी जीभ आमच्या घरात प्रसिद्धच होती. शाळेत वक्तृत्वाची बक्षिसे, कॉलेजात वादविवाद स्पर्धा, आणि बी. ए. झाल्यावर अर्धवेळ शिक्षिकेची नोकरी मिळाली तीही बोलण्याच्याच जोरावर. कुणी काही म्हटले की माझे उत्तर तयार. 'पोरगी हजरजबाबी आहे हो', असे चारचौघांत कुणी म्हणाले की मला मूठभर मांस चढायचे. हजरजबाबीपणा आणि उतावळेपणा यांत किती थोडे अंतर असते, ते मला सांगलीत, एका संध्याकाळी माझ्याच स्वयंपाकघरात कळले.

तीच गोष्ट आज तुम्हाला सांगणार आहे. ज्यांच्याबद्दल ती आहे, त्यांना आधी विचारून.

एकच वाक्य

२०१८ चा नाताळ तोंडावर आला होता. बाळंतपण माहेरी उरकून, तीन महिन्यांच्या बाळाला घेऊन मी नुकतीच सांगलीला परतले होते. मदतीला मिरजेहून माझ्या थोरल्या जाऊबाई आल्या होत्या. त्यांना आम्ही सगळे अक्का म्हणतो. करंज्यांचे सारण त्यांनीच भाजले, बाळाची दुपटी त्यांनीच धुतली, रात्री त्याला खांद्यावर घेऊन येरझाऱ्याही त्यांनीच घातल्या. मी मात्र जागरणाने कातावलेली.

त्या संध्याकाळी बाळ काही केल्या राहीना. अक्का त्याला मांडीवर घेऊन म्हणाल्या, "पोट धरलंय गं त्याचं. बेंबीभोवती थोडा हिंग लाव, आणि तूही दोन दिवस हरभऱ्याची डाळ खाऊ नकोस."

एवढेच. यात काय वाईट होते? पण माझे डोके तापलेले होते. मी फटकन एक वाक्य बोलून गेले. ते वाक्य मी इथे लिहीत नाही. का लिहीत नाही, ते पुढे कळेल. त्याचा मतलब एवढाच होता, की ज्यांना स्वतःचे मूल नाही त्यांनी मला शिकवू नये. अक्कांच्या लग्नाला तेव्हा अकरा वर्षे झाली होती.

त्या काहीच बोलल्या नाहीत. बाळाला पाळण्यात ठेवले, त्याच्या पायांवर दुपटे ओढले. गॅसवर दूध होते, जाता जाता तो बारीक केला. पिशवी उचलली आणि मिरजेची बस धरली.

जानेवारीत बाळाचा बाप्तिस्मा झाला. अक्का चर्चमध्ये आल्या, मागच्या बाकावर बसल्या. बाळाच्या हातात चांदीचे वाळे दिले आणि जेवायला न थांबता निघून गेल्या. बायका कुजबुजल्या, "का हो गेल्या?" मी म्हटले, "त्यांचं डोकं दुखत होतं." म्हणजे आधीच्या शब्दावर आता खोट्याचे पांघरूण.

त्या दिवशी उपासनेत मी सगळी गीते म्हटली. तोंड तेच होते.

शास्त्रात काय आहे

आम्ही ख्रिस्ती लोक लहानपणापासून रविवारच्या शाळेत याकोबाचे पत्र ऐकतो. ते लिहिणारा मोठा अनुभवी गृहस्थ असावा, असे मला नेहमी वाटते. कारण त्याची उदाहरणे साधी, डोळ्यांसमोरची आहेत. घोड्याच्या तोंडातला लगाम केवढासा, पण सगळा घोडा वळवतो. सुकाणू लहानसे, पण वाऱ्यावर चाललेले मोठे गलबत त्याच्या कह्यात असते. ठिणगी बारीकशी, पण सारे रान पेटवते. जिभेचे तसेच आहे, असे तो म्हणतो. आणि मग विचारतो, की एकाच झऱ्यातून गोड आणि कडू पाणी कसे निघेल? ज्या तोंडाने देवाची स्तुती करता, त्याच तोंडाने देवाने घडवलेल्या माणसाला कसे काय टाकून बोलता?

त्याच पत्रात सुरुवातीला त्याने क्रमही लावून दिला आहे. कान आधी, तोंड नंतर, आणि राग सगळ्यांच्या शेवटी. माझ्याकडे हा क्रम बरोबर उलटा होता.

ही शिकवण काही आमच्याच शास्त्राची मक्तेदारी नाही. साताऱ्याजवळच्या सज्जनगडावर ज्यांची समाधी आहे, त्या समर्थ रामदासांनी दासबोधात मूर्खाची लक्षणे सांगितली, त्यांत तोंडाळ माणसालाही त्यांनी सोडलेले नाही. आणि 'जिभेला हाड नसते' हे तर घरोघरी पाटावरवंट्याशी बसून म्हाताऱ्यांनी म्हटलेले आहे. माहीत सगळ्यांनाच असते. अडते ते ऐन वेळेला.

ऐन वेळेला काय करावे, याचे एक चित्र योहानाच्या शुभवर्तमानात आहे. एका बाईला लोक फरफटत येशूपुढे आणतात. तिचा गुन्हा मोठा, शिक्षा धोंडमाराची, जमाव संतापलेला. 'बोल, तुझे काय म्हणणे?' म्हणून सगळे घाई करताहेत. आणि येशू काय करतो? खाली वाकून बोटाने जमिनीवर लिहीत बसतो! त्याने काय लिहिले, ते शास्त्रात कुठेच सांगितलेले नाही. मला वाटते, ते महत्त्वाचेही नसावे. महत्त्वाचे आहे ते त्याचे वाकणे, तो थोडासा वेळ. मग तो उठून एकच वाक्य बोलतो, की ज्याच्या हातून कधी पाप झाले नसेल त्याने पहिला दगड उचलावा. आणि पुन्हा वाकून लिहू लागतो. एकेक जण दगड टाकून निघून जातो. बाई वाचते.

उतावीळपणे बोललेल्या एका वाक्याने मी एका बाईला घराबाहेर काढले. विचार करून बोललेल्या एका वाक्याने एका बाईचा जीव वाचला. फरक फक्त त्या वाकण्याचा.

महापुराचे आठ दिवस

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला, तो सांगलीकर अजून विसरलेले नाहीत. आयर्विन पुलाशी ४५ फुटांना धोक्याची पातळी धरतात. त्या वर्षी पाणी ५७ फुटांवर गेले. आमची गल्ली नदीकडची. पायरीला पाणी लागले तेव्हा आम्ही अकरा महिन्यांचे बाळ, सासूबाई आणि एक बॅग घेऊन निघालो. जायचे कुठे? मिरजेला, अक्कांकडे. दुसरे घर नव्हते.

वाटेत मी काय बोलायचे ते मनात घोकत होते. दार उघडले तर अक्कांनी माझ्या तोंडाकडे पाहिलेसुद्धा नाही. "अगं बाई, पोराचे पाय ओले झालेत," म्हणून त्याला माझ्या हातातून घेतले आणि पदराने पाय पुसत आत गेल्या.

दोन दिवस असेच गेले. त्या आम्हाला गरम जेवू घालीत होत्या, सासूबाईंचे पाय चेपीत होत्या आणि माझ्याशी कामापुरते बोलत होत्या. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशूने सांगितले आहे, की वेदीशी अर्पण घेऊन गेलास आणि तिथे तुला आठवले की भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जा, समेट कर. आठ महिने मी दर रविवारी अर्पण टाकीत होते, आणि मिरज तर सांगलीपासून अर्ध्या तासावर होती.

तिसऱ्या रात्री भांडी आवरताना मी म्हटले, "अक्का, मी तेव्हा जे बोलले ना, की..."

त्यांनी हात वर केला. "ते वाक्य परत उच्चारू नकोस. मला पाठ आहे."

मी रडू लागले. म्हटले, "मी रागात बोलले हो. माझ्या मनात तसं काही नव्हतं."

तेव्हा त्या जे बोलल्या, ते मी जन्मात विसरणार नाही. त्या म्हणाल्या, "रागात बोललीस हे मला कळतं. पण मनात नव्हतं असं म्हणू नकोस. मनात होतं, म्हणूनच तोंडात आलं. मनात काय आलं होतं ते बघ आधी. मग माफी माग."

मैत्रिणींनो, अगदी हेच येशूने सांगितले आहे, की मनात जे साठलेले असते तेच ओठांतून सांडते. अक्का काही शास्त्र सांगायला बसल्या नव्हत्या. त्या कढई घाशीत होत्या.

मी त्या रात्री खरोखरच बघितले. आणि मला दिसले, की घरात धाकटी म्हणून आलेली मी, मूल झाल्यावर मनातल्या मनात थोरली होऊन बसले होते. सासूबाईंना नातू मी दिला, असा तोरा होता. अक्कांच्या प्रत्येक सल्ल्याला मी मनात तेच उत्तर देत होते. त्या संध्याकाळी ते फक्त बाहेर पडले. म्हणजे 'विचार करून बोला' याचा अर्थ बोलण्याआधी दहा आकडे मोजा, एवढाच नाही. आपण दिवसभर मनात काय घोळवीत असतो, तिथूनच बोलायला सुरुवात झालेली असते.

सकाळी मी पुन्हा माफी मागितली. या वेळी 'रागात' हा शब्द नव्हता.

मग बाईने गप्पच बसायचे का?

इथपर्यंत वाचून तुमच्यापैकी कुणी म्हणेल, 'झालं! पुन्हा बायकांनाच तोंड आवरायचा उपदेश!' तुमचे म्हणणे खरे आहे. आपल्याकडे 'जपून बोल' हे मुलीला जितके सांगतात, तितके मुलाला सांगत नाहीत. म्हणून मला इथे लक्ष्मीबाई टिळकांची आठवण होते.

आम्हा सातारच्या ख्रिस्ती मंडळींना टिळकांचे नाव घरचेच वाटते. कवी नारायण वामन टिळक १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून साताऱ्याला आले आणि तिथे त्यांनी 'देवाचा दरबार' सुरू केला. दोन वर्षांनी, ९ मे १९१९ रोजी, ते वारले. लक्ष्मीबाई त्यांच्या पत्नी. १८६८ चा त्यांचा जन्म, बालवयातच लग्न, शाळेचे तोंड पाहिलेले नाही. टिळक मोठे बुद्धिमान, उदार, आणि तितकेच शीघ्रकोपी. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळले. पदरात लहान मुलगा. सुमारे पाच वर्षे दोघे वेगळे राहिले. पुढे त्या नवऱ्याकडे गेल्या, पण लगेच ख्रिस्ती झाल्या नाहीत. सोवळेओवळे, जातपात यांचा स्वतःच्या मनाशी कस लावून, स्वतःला पटल्यावर, १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नवरा म्हणतो म्हणून 'हो' नाही आणि लोक म्हणतात म्हणून 'नाही' नाही. विचार करून बोलणे याहून वेगळे काय असते?

आणि त्या गप्प बसल्या का? मुळीच नाही. १९३४ पासून त्यांची 'स्मृतिचित्रे' पुस्तकरूपाने येऊ लागली. त्यांत त्यांनी टिळकांचा संताप, विसरभोळेपणा, घरात दाणा नसताना पैसे वाटून टाकणे, सगळे सगळे सांगितले आहे. महाराष्ट्र ज्यांना रेव्हरंड टिळक म्हणून मानतो, त्यांच्या घरातल्या भांडणांसकट! पण वाचताना कुठे विखार लागत नाही. उलट हसू येते, आणि टिळकांविषयीची माया वाढते. त्या स्वतःलाही तितक्याच हसतात, म्हणून तो अधिकार त्यांना पोचतो. खरे बोलूनही न बोचणारी जीभ कशी असते ते पाहायचे असेल, तर हे पुस्तक पुन्हा काढून वाचा. तुमच्या गावच्या वाचनालयात ते नक्की असेल.

म्हणून माझे सांगणे असे, की विचार करून बोलणे म्हणजे गप्प बसणे नव्हे. घरात कुणी सुनेवर हात उगारीत असेल, हुंड्याची बोलणी चालली असतील, मुलगी काही वाईट अनुभव सांगू पाहत असेल, तर तिथे मोजूनमापून थांबू नये, तिथे लगेच आणि मोठ्याने बोलावे. अशा वेळची चुप्पी ही शहाणपणाची नसते, भीतीची असते. येशूही त्या बाईसाठी बोललाच. गप्प राहून निघून गेला नाही.

घरात करून बघण्यासारखे

मी काही सुधारून पुरी झालेली नाही. पण गेल्या काही वर्षांत मी ज्या सवयी लावून घेतल्या, त्या सांगते. पटतील त्या घ्या.

१. हातांना काम द्या. राग आला की मी मेथीची जुडी निवडायला घेते. जुडी संपेपर्यंत उत्तर द्यायचे नाही. निम्म्या वेळा जुडी संपते आणि उत्तरही संपलेले असते. उरलेच, तर ते देण्यासारखे असते.

२. 'नेहमी' आणि 'कधीच' हे दोन शब्द भांडणातून गाळा. 'तुम्ही नेहमीच उशिरा येता' असे म्हटले की नवरा वेळेवर आलेले दिवस मोजू लागतो. 'आज उशीर झाला, मी काळजीत होते' म्हटले की तो चपला काढता काढता निदान कारण तरी सांगतो.

३. माहेर, रंग, शरीर, पगार आणि मूल, या पाच गोष्टींची थट्टा नाही. 'गमतीनं म्हटलं हो' ही सबब नाही. एकदा वह्या वाटताना मी एका मुलीच्या अक्षरावर विनोद केला. वर्ग हसला. ती मुलगी त्यानंतर महिनाभर हात वर करीना. शेवटी वर्गासमोरच तिची क्षमा मागितली, कारण थट्टा वर्गासमोरच केली होती.

४. आजाऱ्याच्या खाटेशी जपा. १८९४ मध्ये डॉ. विल्यम वॉनलेस यांनी मिरजेत मिशनचे रुग्णालय सुरू केले, आणि पुढे मिरज दवाखान्यांचे गाव झाले. सांगलीसाताऱ्याकडच्या आपल्या सगळ्यांच्याच मिरजेला आजारी बघायला खेपा होतात. तिथे आपण काय बोलतो? 'माझ्या मावसभावालाही अगदी हेच झालं होतं, तो चार महिन्यांत गेला!' हे मी माझ्या कानांनी ऐकले आहे, आणि खाटेवरच्या माणसाचा चेहराही पाहिला आहे. बोलण्यासारखे काही सुचत नसेल तर उशी सारखी करा, पाणी द्या, घरून डबा आणू का विचारा. तेवढे पुष्कळ झाले.

५. मोबाईलवर जास्त सांभाळा. तोंडचा शब्द निदान हवेत विरतो. व्हॉट्सअ‍ॅपवरचा शब्द दहा जणींच्या फोनमध्ये राहतो, आणि बोलून पाठवलेला निरोप तर आपल्याच आवाजात पुनःपुन्हा ऐकवला जातो. रात्री दहानंतर लिहिलेले उत्तर सकाळच्या चहाशिवाय पाठवायचे नाही, असा मी नेम केला आहे.

६. खरे बोलायचेच असेल तर वेळ निवडा. जेवणाच्या ताटावर नाही, पाहुण्यांसमोर नाही, मुलांच्या देखत नाही. कडू औषधसुद्धा आपण वेळ बघूनच देतो.

७. शब्द गेलाच, तर माफी लवकर मागा. माफीत 'पण' नको. 'मी चुकले, पण तुम्हीही...' ही माफी नव्हे, दुसऱ्या भांडणाची सुरुवात आहे. जखमेचे वाक्य पुन्हा उच्चारू नका. आणि समोरच्या माणसाने लगेच हसावे, अशी अपेक्षा धरू नका.

शेवटचे थोडेसे

अक्कांनी मला क्षमा केली. त्यांनीच सांगितले, "क्षमा केली, पण विसरले नाही. विसरणं माझ्या हातात नाही." मला हे खरेपण आवडले. आज आमचे चांगले चालले आहे. माझा मुलगा शाळेला सुट्टी लागली की आधी मिरजेला पळतो. तरी कधी त्याच्यावरून बोलणे निघाले की अक्का क्षणभर थांबतात, माझ्याकडे बघतात आणि मग बोलतात. तो एक क्षण माझ्या त्या वाक्याची किंमत आहे. ती मी अजून फेडते आहे.

हा लेख लिहायच्या आधी मी त्यांना विचारले. म्हणाल्या, "लिही. कुणाचं तरी तोंड वेळेवर थांबेल. पण ते वाक्य छापू नकोस." म्हणून ते इथे नाही.

आणि आता एक गोष्ट. हे वाचताना तुमच्या मनात आले असेल, 'मग पुढे अक्कांना मूल झाले का?' आले ना? मला ठाऊक आहे. हाच प्रश्न आपण हळदीकुंकवाला, बारशाला, चर्चच्या पायऱ्यांवर इतक्या सहज विचारतो, आणि ऐकणारी बाई हसून विषय बदलते. तो प्रश्न ओठांवर येईल तेव्हा आज एकदा थांबून बघा. वाटल्यास खाली वाका, जमिनीवर काहीतरी पडले आहे असे दाखवून. आणि उठल्यावर म्हणा, "बसा ना, चहा टाकते."